जॅकेटमधले पाणी

सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडले की हडपसर आणि मांजरी मागे टाकून लोणी काळभोर लागते. इंधन कंपन्यांच्या टाक्या, टँकरच्या रांगा, उसाची शेते आणि मुळा-मुठेचा काठ अशी या गावाची ओळख. समुद्र येथून शंभर किलोमीटरहून दूर, तोही सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही याच गावच्या राजबाग परिसरात २००१ पासून महाराष्ट्र अकॅडमी ऑफ नेव्हल एज्युकेशन अँड ट्रेनिंग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मॅनेट’, जहाजांसाठी इंजिनियर घडवत आहे. यात नवल वाटण्याजोगे फारसे नाही. नौदलाच्या इंजिनियरांचे शिक्षण १९४५ पासून लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर चालते. १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने फ्रान्सच्या पिलस्टिक बनावटीची सागरी इंजिने परवान्याने बांधली आणि ती नौदलाच्या खुकरी व कोरा वर्गाच्या कॉर्व्हेटवर चढली. पुणे जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्रावर चालणाऱ्या इंजिनांशी त्याचे नाते जुने आहे, आणि त्याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

या नात्यातला एक कोपरा मात्र कायम अंधारात राहिला आहे. इंजिनरूममध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्या तरुणाचे डोळे टर्बोचार्जरवर जातात, फ्युएल पंपावर जातात, माणूस उभा राहील एवढ्या सिलिंडरवर जातात. त्या सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून अहोरात्र फिरणारे पाणी कोणाला दिसत नाही. ते दिसते फक्त वरच्या एक्स्पान्शन टँकच्या काचनळीत, आणि तिथेही पातळी बरोबर आहे ना एवढेच पाहिले जाते. परीक्षेच्या तोंडी प्रश्नांत ‘जॅकेट वॉटर ट्रीटमेंट’ हा विषय हमखास निघतो, म्हणून पाच-सहा वाक्ये पाठ केली जातात. हा विषय पाठांतराहून पुष्कळ मोठा आहे आणि लक्षपूर्वक वाचला तर रंजकही आहे, एवढे पटवून देण्यासाठी ही प्रस्तावना.

प्रथम पाण्याचे काम काय ते पाहू. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी उष्णता प्रॉपेलरपर्यंत पोचत नाही. आजची मोठी संथगती टू-स्ट्रोक इंजिने तिच्यापैकी निम्म्याच्या आसपास उष्णतेचे काम करून दाखवतात, आणि ही थोडीथोडकी कामगिरी नव्हे. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर पडते. सिलिंडरच्या आत ज्वाला हजार अंशांच्या कितीतरी वर असते. सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, म्हणजे लायनरच्या, बाहेरच्या अंगाला पाणी असते साधारण ऐंशी ते नव्वद अंशांचे. या दोहोंमध्ये धातूची एक भिंत. ती भिंत शाबूत ठेवणे हे पाण्याचे काम.

सुरुवातीच्या अनेक सागरी इंजिनांत थेट समुद्राचे पाणी फिरवले जाई. बाहेर अथांग पाणी असताना दुसरे कशाला शोधायचे, हा विचार स्वाभाविकच होता. पण समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांतले कॅल्शियम सल्फेट तर उलट स्वभावाचे आहे: पाणी तापत जाईल तसे ते अधिक विरघळण्याऐवजी कमी विरघळते आणि नेमके सर्वांत तापलेल्या जागी जाऊन बसते. म्हणून आजही समुद्राचे पाणी कूलरमधून बाहेर पडताना साधारण पन्नास अंशांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. मोठ्या जहाजांनी पुढे वेगळी वाट धरली. इंजिनात गोडे पाणी बंद परिपथात फिरवायचे, आणि ते तापलेले गोडे पाणी कूलरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड करायचे. दोन पाणी एकमेकांना भेटत नाहीत, फक्त उष्णता देतात-घेतात. मध्यवर्ती शीतकरणाच्या नव्या मांडणीत तर समुद्राचे पाणी टायटेनियमच्या प्लेटांच्या एक-दोन कूलरपुरतेच राहते. बाकी सारा संसार गोड्या पाण्याचा.

गोडे पाणी म्हणजे निरुपद्रवी पाणी असा समज इथेच करून घेऊ नये. लोणी काळभोरच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमधून झिरपणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊनच वर येते. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात जड पाणी. ते तापवले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या खपलीच्या रूपाने मागे उरते. गीझरच्या कॉइलवर बसतो तो थर हाच. जवळच मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. साखर कारखान्यात ज्याने बाष्पीभवनाच्या नळ्या साफ करून घेतल्या आहेत, त्याला या खपलीचा चिवटपणा माझ्याहून जास्त ठाऊक असेल. पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये रेल्वेच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांनाही हा शत्रू परका नाही.

इंजिनात या खपलीची किंमत काय पडते? कास्ट आयर्नच्या तुलनेत क्षाराच्या थराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता विसाव्या हिश्श्याहूनही कमी असू शकते. याचा अर्थ, एक मिलिमीटरची खपली म्हणजे उष्णतेच्या वाटेत दोन सेंटिमीटर जाडीचे जादा लोखंड. बाहेरचा थर्मामीटर मात्र काही बोलत नाही, कारण तो पाण्याचे तापमान दाखवतो, धातूचे नव्हे. पाणी पंचाऐंशी अंशांवर शांतपणे वाहत असते आणि खपलीच्या पलीकडे लायनरचा वरचा भाग किंवा सिलिंडर हेडची भिंत मर्यादेबाहेर तापलेली असते. पुढे तडा जातो तेव्हा दोष ओतकामाला दिला जातो.

इथे वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा, कारण या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट त्यातूनच उलगडते. समजा, परिपथात दहा टन पाणी आहे आणि त्याची दुष्फेनता लिटरमागे दोनशे मिलिग्रॅम आहे. त्या सगळ्या पाण्यातला सगळा क्षार बाहेर पडला तरी तो भरतो दोन किलो. परिपथ खरोखर बंद असेल, तर दोन किलोंवर गोष्ट संपली. आता समजा, एखाद्या पंपाच्या सीलमधून रोज दोनशे लिटर पाणी गळते आणि तेवढेच जड पाणी वरून भरले जाते. रोज चाळीस ग्रॅम, म्हणजे वर्षाला साडेचौदा किलोंहून अधिक. मूळ पाण्याने दिला त्याच्या सातपट क्षार त्या एका गळक्या सीलने इंजिनात आणला. शिवाय गळणाऱ्या पाण्याबरोबर घातलेले रसायनही वाहून गेले आणि नव्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत आला. खपली आणि गंज ही पुस्तकात दोन वेगळी प्रकरणे असतात. इंजिनात दोन्हींची मुळे पुष्कळदा एकाच गळतीत सापडतात. पुढचे सारे वाचताना हे सूत्र हाताशी ठेवावे, अशी माझी सूचना आहे. रसायनांची नावे नंतरही शिकता येतात.

मग जड पाणी टाळून अगदी शुद्ध पाणी भरले तर? जहाजावर ते फुकट मिळते. फ्रेश वॉटर जनरेटरमध्ये हवेचा दाब इतका कमी केलेला असतो, की समुद्राचे पाणी चाळीस-पन्नास अंशांच्या दरम्यानच उकळते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता इंजिनाच्या जॅकेटमधल्या पाण्याचीच वापरली जाते. या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून खपलीचा प्रश्न उरत नाही. पण असे पाणी भुकेले असते. त्यात आम्लाला आवर घालणारे काही नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा जरी विरघळला तरी त्याचा सामू सातच्या खाली उतरतो आणि ते लोखंड खायला लागते. जड पाणी निदान धातूवर पातळ पापुद्रा चढवून त्याला थोडे झाकते. शुद्ध पाणी तेही करत नाही. खपलीपासून पळावे तर गंज गाठतो. या दोन टोकांमधली जागा शोधणे म्हणजेच हा विषय. इंजिन उत्पादक ती जागा आकड्यांत सांगतात. भरायच्या पाण्याची दुष्फेनता जर्मन मापाने दहा अंशांपर्यंत, क्लोराइड आणि सल्फेट प्रत्येकी पन्नास पीपीएमपर्यंत, अशा मर्यादा तुम्हाला बहुतेक पुस्तिकांत दिसतील. त्या इंजिनागणिक थोड्या बदलतात, म्हणून आपल्या इंजिनाची पुस्तिका आधी उघडावी आणि माझ्यासारख्यांचे लेखन नंतर.

गंजाची रूपे अनेक आहेत आणि ती ओळखायला शिकणे हा या अभ्यासातला मोठा आनंद आहे. प्राणवायूमुळे येणारा सर्वत्र पसरलेला तांबूस गंज सर्वांना माहीत असतो. तो सर्वांत कमी धोक्याचा. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि दुबळा धातू झिजतो. कूलरच्या तांब्याचे अंश पाण्यात उतरून लोखंडावर जाऊन बसले, तर त्या प्रत्येक ठिपक्याभोवती हा व्यवहार चालतो. पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे आकार तोच, पण सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप घरी उत्तम. जॅकेटच्या परिपथात मात्र उत्पादक ते वापरू देत नाहीत, कारण साठेक अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त आणि लोखंड यांच्या भूमिका उलटू शकतात आणि ज्याने रक्षण करायचे तेच भक्षण घडवते.

सर्वांत अद्भुत प्रकार लायनरच्या बाहेरच्या अंगावर दिसतो. मध्यम आणि विशेषतः जलदगती इंजिनांत पिस्टन वरखाली होताना लायनरवर आडवा आपटतो. लायनर थरथरतो. भिंत क्षणभर मागे सरते तेव्हा पाण्यात बाष्पाचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ती परत येताच ते फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूच्या टिंबाएवढ्या जागेवर जबर तडाखा बसतो. धातूवरचा संरक्षक पापुद्रा उडतो, उघड्या जागी गंज चढतो, पुढचा बुडबुडा तो गंज उडवतो. असे लक्षावधी वेळा घडले की लायनरला बाहेरून आत आरपार भोक पडते, तेही पिस्टन आपटतो त्या दोन बाजूंना, उभ्या ओळीत. हा लायनर हातात घेऊन पाहण्याची संधी वर्कशॉपमध्ये मिळाली तर दवडू नका. पाण्याने कास्ट आयर्नला भोक पाडले यावर पुस्तक वाचून विश्वास बसत नाही.

यावरचे उपाय काळानुसार बदलत गेले. एके काळी क्रोमेट वापरत. पाण्याला सुंदर पिवळा रंग येई आणि गंजावर त्याच्याइतका जालीम उपाय नव्हता. पण ते विषारी, कर्करोगकारक. ज्या पाण्याच्या उष्णतेवर पिण्याचे पाणी तयार होते, त्या पाण्यात ते असणे कोणालाच मान्य होणारे नव्हते. विरघळणारे तेल घालण्याची पद्धतही होती. त्याचा पातळ थर धातूला झाकी, पण मात्रा जास्त झाली की तोच थर उष्णता अडवी. आज मोठ्या इंजिनांत प्रामुख्याने नायट्राइट आणि बोरेट यांची जोडी वापरतात. नायट्राइट लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा तयार करवते; बोरेट सामू साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान स्थिर ठेवते; तांब्यासाठी अ‍ॅझोल वर्गातले एखादे संयुग जोडीला असते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली नवी रसायनेही आता रुळली आहेत.

नायट्राइटबद्दल एक गोष्ट नवख्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. ते अर्धे घातले तर अर्धे संरक्षण मिळत नाही. उलट मुळीच न घातल्यापेक्षा जास्त नुकसान होऊ शकते. कारण असे, की मात्रा अपुरी असली तर पापुद्रा बहुतेक जागी धरतो, पण इथे-तिथे टाचणीच्या टोकाएवढ्या जागा उघड्या राहतात. आधी सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेला गंजाचा जोर आता त्या मोजक्या टिंबांवर एकवटतो, आणि तिथे खोल खड्डे पडतात. म्हणूनच अनेक उत्पादक नायट्राइट १००० पीपीएमच्या खाली जाऊ देत नाहीत. काटकसर म्हणून अर्धा कॅन घालणारा इंजिनियर, माझ्या मते, काहीच न घालणाऱ्यापेक्षा महाग पडतो.

नायट्राइट घटण्याची कारणे शोधणे हे तर खरे शोधकाम आहे. गळती असेल तर नायट्राइटबरोबर पाण्यातले बाकीचे घटकही पातळ होतात. पण बाकी सारे जागच्या जागी आणि नायट्राइट तेवढे कमी, असे दिसले तर जिवाणूंचा संशय घ्यावा. नायट्राइटचे नायट्रेट करून त्यावर जगणारे जिवाणू असतात. क्लोराइड वाढले तर समुद्राचे पाणी कुठून तरी आत शिरते आहे. सामू उतरत असेल आणि एक्स्पान्शन टँकमध्ये बुडबुडे येत असतील, तर सिलिंडर हेडमधून किंवा लायनरच्या तड्यातून ज्वलनाचे वायू पाण्यात येत असावेत. रक्ततपासणीचा अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरासारखा हा तर्क चालतो, आणि इंजिन न उघडता त्याच्या पोटातले सांगता येते.

समुद्राच्या पाण्याची बाजूही विसरून चालणार नाही. तिथे रसायन घालून भागत नाही, कारण पाणी एकदा आत येऊन बाहेर जाते. तिथे जस्ताचे किंवा मऊ लोखंडाचे ठोकळे बसवतात; ते झिजतात आणि कूलर वाचतो. ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांची. १८२४ मध्ये त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंड, जस्त जोडून पाहिले. पत्रा उत्तम वाचला. पण तांबे विरघळायचे थांबताच त्याचे विषही पाण्यात उतरायचे थांबले, आणि तळावर शेवाळ आणि शिंपल्यांची दाट वसाहत झाली. जहाजे मंदावली आणि नौदलाने प्रयोग गुंडाळला. डेव्हींचे रसायनशास्त्र चुकले नव्हते. समुद्र जिवंत आहे एवढेच हिशेबात धरायचे राहिले. आज त्याच अनुभवातून उलट बाजूने शिकून, विजेच्या साहाय्याने तांब्याचे अत्यल्प अंश मुद्दाम समुद्राच्या पाण्यात सोडतात, म्हणजे पाइपांत जीव वाढत नाहीत.

हे लेखन केवळ परदेशी जाणाऱ्या जहाजांवरच्या इंजिनियरांसाठी आहे असे समजू नये. ससून डॉकला, हर्णैला, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला लागणाऱ्या यांत्रिक नौकांवरही डिझेल इंजिनेच आहेत. कुठे ती थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होतात, कुठे नौकेच्या तळाला बसवलेल्या नळ्यांतून गोडे पाणी फिरते. तिथे चाचणीचा संच नसतो आणि पाणी बंदरावरच्या नळाचे असते. मराठीत हा विषय आला तर पहिला उपयोग त्या तांडेलांना आणि मेकॅनिकांना व्हावा, अशी माझी इच्छा आहे. अधिक खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीमध्ये गंजशास्त्र शिकवले जाते, आणि अंबरनाथची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी नौदलासाठी याच प्रश्नांवर काम करते. वाट लांब आहे, पण घराजवळून जाते.

विषयाकडे यावे कसे, याबद्दल थोडे. दहावी-बारावीचे रसायनशास्त्र पुरते. सामू म्हणजे काय आणि आयन म्हणजे काय एवढे पक्के असावे. प्रथम परिपथाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढा: पंप, इंजिन, कूलर, फ्रेश वॉटर जनरेटर, एक्स्पान्शन टँक, आणि पाणी कुठे कुठे बाहेर पडू शकते त्या सगळ्या जागा. मग खपली, मग गंज, मग रसायने. बरेच जण रसायनांपासून सुरुवात करतात आणि ब्रँडची नावे पाठ करून थांबतात. आम्लाने खपली काढण्याचे प्रकरण तर सर्वांत शेवटी वाचावे. ते आकर्षक असते, पण आधी तेलकटपणा काढणे, मग आम्ल, मग सोड्याने उदासीनीकरण, मग भरपूर पाण्याने धुणे आणि लगेच नवे रसायन, या क्रमात एक पायरी चुकली तर खपलीबरोबर धातूही जातो.

जहाजावर गेल्यावर हे काम बहुधा तुमच्याकडे फोर्थ इंजिनियर म्हणून येईल. आठवड्यातून एकदा नमुना घ्या, इंजिन चालू असताना, आणि ठरलेल्या एकाच कॉकमधून. नायट्राइट, क्लोराइड, सामू मोजा आणि जो आकडा येईल तोच लिहा. वरून किती पाणी भरले तेही शेजारी लिहा. नव्या जहाजावर चढलात की आधीच्यांची नोंदवही मागून घ्या आणि वर्षभराची पाने एका बैठकीत वाचा. चालत्या इंजिनातले पाणी दर आठवड्याला थोडे तरी बदलतेच. ज्या नोंदवहीत सहा महिने एकच आकडा दिसतो, तिच्यावर विश्वास न ठेवता स्वतः चाचणी करावी.